सिरदाराचे इंग्रजी रविवार

आमच्या क्वार्टरच्या मागे, धुणं धुवायच्या फरशीपासून चार पावलांवर, बाबांचा ड्रम होता. तेलाचा मोठा ड्रम उभा चिरून त्याचा अर्धा भाग खाणीच्या वर्कशॉपमधल्या वेल्डरनं चार पायांवर बसवून दिला होता आणि त्यावर कोळसा चाळायच्या यंत्रातून निघालेली जुनी लोखंडी जाळी टाकली होती. दर रविवारी त्या जाळीवर कोंबडी नाहीतर मासोळी भाजली जायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओढलेल्या वायरीवर टेपरेकॉर्डर लागायचा. त्या टेपवरची गाणी राजुऱ्याकडच्या आमच्या त्या कोळसा खाणीच्या कॉलनीत दुसऱ्या कुणाच्याच घरी लागत नव्हती. कुणाकडे भजनं लागत, कुणाकडे हिंदी सिनेमाची गाणी. आमच्याकडे लांब केसांचे गोरे बाप्ये घसा फोडून ओरडत आणि बाबा हातात चिमटा घेऊन, डोळे मिटून, मान हलवत उभे राहत. आज माझ्या पोरांना बार्बेक्यू हा शब्द पाठ आहे आणि त्यासाठी ती पैसे मोजून कुठल्या कुठे जातात. आमच्याकडे त्याला शब्दच नव्हता. आम्ही फक्त म्हणायचो, आज ड्रम लावायचा आहे.

पहिला ड्रम कसा लागला ते सांगायलाच हवं, कारण आई मरेपर्यंत ते सांगत होती. कॉलनीत सगळ्यांच्या घरी दगडी कोळशाची शेगडी. हा कोळसा पेटताना पिवळाजर्द, घशाला लागणारा धूर सोडतो. म्हणून शेगडी आधी बाहेर पेटवायची, धूर सगळा मरू द्यायचा, निखारा लाल झाला की मग आत न्यायची, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण त्या दिवशी बाबांना गाण्याची घाई. कोळसा नुसता धुमसत होता तोवरच त्यांनी टेप सुरू केला आणि गाण्याच्या भरात कोंबडीचे तुकडे जाळीवर मांडून मोकळे झाले. खाणीत उभी हयात गेलेल्या माणसानं केलेली ही चूक! कोंबडी वरून काळी, आतून लाल आणि चवीला निव्वळ डांबर. आईनं एक तुकडा तोंडात घेतला, शांतपणे बाहेर काढला आणि म्हणाली, "ही कोंबडी सडकेवर टाका, गड्डे बुजतीन." पण मी आणि राजू, माझा धाकटा भाऊ, आम्ही दोघांनी हट्टानं सगळी खाल्ली. बाबांनी केली होती ना. दुसऱ्या दिवशी दोघंही शाळेत गेलो नाही.

पुढे मात्र बाबा शहाणे झाले. आईचं माहेर नागभीडकडचं, तळ्यात जाळं टाकणाऱ्या घरातलं. मासोळीला हात कसा लावायचा हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मरळ आली की ती तिला तिरप्या चिरा द्यायची, ठेचलेला लसूण, हळद, तिखट, मीठ, चिंचेचं पाणी आणि वर जवसाचं तेल चोळायची आणि पळसाची पानं मिळण्याचे दिवस असले की पानात गुंडाळून बाबांच्या हातात द्यायची. "आता जाळा नका फक्त," एवढंच म्हणायची. पान जळून करपायला लागलं की जो वास सुटायचा तो मला अजून कधीकधी विनाकारण आठवतो आणि भूक लागते. सोबत तांदळाची भाकर, कांदा, आणि टेपवर त्या गोऱ्यांचा आरडाओरडा. शेजारच्या वानखेडेकाकू भिंतीपलीकडून विचारायच्या, "काय व, तुमच्या घरी भांडण चालू हाय का गाणं?" आई म्हणायची, "मले बी समजत नाई, बाई. बाप अन् पोरं मिळून आयकून राह्यले."

ही गाणी बाबांना मिळाली ती खाणीतल्या जुन्या सर्व्हेअरकडून. व्हिक्टरसाहेब म्हणायचे त्यांना. म्हातारे, एकटे, रोज इस्त्रीचा शर्ट घालणारे. बाबा तरुण असताना खाणीतली पाळी संपली की त्यांच्या बंगलीवर जाऊन बसायचे आणि साहेब त्यांना गाणी ऐकवायचे. साहेब रिटायर होऊन मुलीकडे परदेशात निघाले तेव्हा त्यांनी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा भरून कॅसेटी आणि तो टेपरेकॉर्डर बाबांच्या हवाली केला. एका पावसाळ्यात डब्यात ओल गेली आणि कॅसेटींवरच्या चिठ्ठ्या फुगून शाई पसरली. त्यामुळे कोण गातं, गाण्याचं नाव काय, काही उरलं नाही. आम्हीच नावं ठेवली. निळी, तुटक्या कोपऱ्याची, खोकलेवाली. खोकलेवालीत गाणं सुरू व्हायच्या आधी कुणीतरी खरोखर खोकायचं आणि राजू प्रत्येक वेळी त्याला म्हणायचा, "पाणी पी बे."

बाबांचं इंग्रजी खाणीपुरतं. पण प्रत्येक गाण्याची गोष्ट त्यांना ठाऊक होती, म्हणजे ती त्यांनीच रचलेली होती. चिमट्यानं निखारा हलवत ते सांगायचे, "ह्याची माय ह्याले म्हणते, गाव सोडून नको जाऊ. हा काई आयकत नाई. आता पाह्य, गाडी सुटली." आणि खरंच तिथे ढोल असा धडधडत यायचा की गाडी सुटलीच असावी. "आता रडून राह्यला. पण सूर खाली नाई येऊ देत. जिद्दीचा हाय."

मी एकदा विचारलं, "बाबा, तुमाले शब्द समजत नाई, मंग हे कसं समजते?"

"शब्द कायले पायजे? कान हाय ना."

आणि ते कान द्यायला शिकवायचे. गाणं सगळं एकदम ऐकायचं नाही, म्हणायचे. एक वाद्य धरायचं आणि सोडायचं नाही. राजूला ढोल दिला होता. मला त्यांनी जाड तारांची ती गिटार दिली जी वर कुठे दिसत नाही, खालून घुमत राहते. मला आधी राग आला होता, कारण मला ती किंचाळणारी, पुढे पुढे करणारी गिटार हवी होती. "तिले कोणी बी आयकते," बाबा म्हणाले. "तुले देली ते आयकाले अक्कल लागते." मग मी फुगले आणि जीव लावून ती खालची गिटार ऐकू लागले. कुठलंही गाणं कानावर पडलं की अजूनही मी आधी तळाशी जाते. ही सवय त्या रविवारांची.

बाबांच्या कानाचा असा बडेजाव होता याला कारण त्यांचं काम. ते खाणीत सिरदार होते. सिरदार म्हणजे पाळीतल्या वीस-बावीस माणसांची जबाबदारी ज्याच्यावर असते तो. माणसं कोळसा काढायला पुढे जाण्याआधी सिरदार आत जातो आणि हातातल्या काठीनं छत ठोकून बघतो. धड छत खणखणीत बोलतं. वरचा थर सुटलेला असेल तर बद्द बोलतं. बद्द बोललं की कुणी पाऊल टाकायचं नाही. आधी सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, तो दगड पाडायचा, नाहीतर खाली लाकडाचे खांब द्यायचे. खणखणीत बोललं की सिरदार मागे वळून म्हणतो, "चला." बाबांच्या "चला"वर माणसं डोळे झाकून आत जात. त्यांच्या पाळीत लच्चूभाऊ म्हणून एक होते, एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावचे गोंड, कमी बोलणारे. ते म्हणायचे, "आमचा सिरदार दगडाशी बोलते." आम्हा पोरांना याचा केवढा तोरा! शाळेत कुणाचा बाप क्लार्क, कुणाचा ड्रायव्हर. आमचा बाप दगडाशी बोलायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात माठ आले की कॉलनीतल्या बायका बाबांना हाताला धरून न्यायच्या. ते माठ एका हातात तोलून बोटाच्या पेरानं टिचकी मारायचे. "हा घ्या. हा नका घेऊ, पोटात चीर हाय." कुंभाराचं तोंड वाकडं व्हायचं, पण बाबांपुढे तो काही बोलत नसे. मी तेरा वर्षांची होते त्या वर्षी बाबांनी वानखेडेकाकूंना माठ निवडून दिला आणि संध्याकाळपर्यंत काकूंच्या स्वयंपाकघरात पाणीच पाणी झालं. माठ बुडाशी चिरलेला होता. काकू हसत हसत रिकामा माठ घेऊन आल्या. "सिरदार, कान झोपला होता का तुमचा?" सगळे हसले. बाबाही हसले. पुढचे काही दिवस कॉलनीत तो एक विनोदच झाला होता.

खरं तर तेव्हाच समजायला हवं होतं. टेपचा आवाज आदल्या उन्हाळ्यापासून वाढत चालला होता. आई घरात मोठ्यानं बोलायला लागली होती आणि तिचं तिलाही ते कळलं नव्हतं. मागून हाक मारली तर बाबा वळत नसत, पण आम्ही समजायचो, दमले आहेत. घरातल्या माणसाकडे आपण नीट बघतच नाही. आता हे लिहिताना सगळी चिन्हं ओळीनं मांडता येतात, तेव्हा एकही दिसलं नव्हतं.

उन्हं तापायला लागली म्हणून ड्रम सकाळीच लावायला सुरुवात झाली होती, तेव्हाचा तो रविवार. पाळीतली चार-पाच माणसं बायकापोरांसह आली होती. लच्चूभाऊंची सुमी पाच वर्षांची होती. ती माझ्या मांडीला टेकून बसली होती आणि मी तिला मासोळीचे काटे काढून देत होते. तुटक्या कोपऱ्याची कॅसेट चालू होती. बाबा आमच्याकडे पाठ करून ड्रमपाशी उभे होते आणि चिमट्यानं ड्रमच्या काठावर ताल धरत होते. नेहमीसारखंच. मग टेपरेकॉर्डरनं कॅसेटची फीत गिळली. गाणं आधी रडवेलं झालं, मग कुंथलं आणि बंद पडलं. राजू पेन्सिल घेऊन धावला, फीत गुंडाळायला.

बाबांचा ताल थांबला नाही.

आधी सगळ्यांना गंमत वाटली. बाबा वाजवतच होते. जिथे ढोल थांबतो तिथे ते थांबले, चिमटा हवेत धरून मनातल्या मनात मोजलं आणि बरोबर जिथे तो पुन्हा कोसळतो तिथे धाडकन काठावर मारला. एक मात्रा इकडे नाही की तिकडे नाही. गाणं त्यांच्या डोक्यात पुरतं चालू होतं. मला कुणी काही सांगितलं नाही, पण एका क्षणात माठ आणि मोठा आवाज आणि न वळणारी पाठ हे सगळं एकत्र झालं. बाबांना गाणं बंद पडल्याचं कळलंच नव्हतं. त्यांना ऐकूच येत नव्हतं. मी लच्चूभाऊंकडे बघितलं. ते कौतुकानं मान डोलवत होते. आणि मी काय करावं? मी उठून टाळ्या वाजवल्या. नाचत त्यांच्यापुढे गेले आणि ओरडले, "पाह्य पाह्य, बाबाले टेपबी लागत नाई! सगळं पाठ हाय!" सगळ्यांनी टाळ्या धरल्या. बाबा वळले. त्यांना राजूच्या हातातली लोंबणारी फीत दिसली. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला, मग ते हसले आणि सर्कशीतल्या माणसासारखे कमरेत वाकले. लच्चूभाऊ म्हणाले, "सिरदाराचा कान म्हणजे कानच."

मी परत येऊन बसले. सुमी म्हणाली, "ताई, आणखी मासोळी दे ना." मी काटे काढू लागले, पण एकच तुकडा पुन्हा पुन्हा चाचपत राहिले. कारण उद्या सोमवार होता आणि उद्या हिचा बाप माझ्या बापाच्या "चला"वर आत जाणार होता.

सोमवारी बाबा पाळीवर गेले. मी काही बोलले नाही. मंगळवारी गेले. मी बोलले नाही. मी तेरा वर्षांची होते, अक्कल नव्हती असं म्हणून सुटता येत नाही मला, कारण सगळं स्पष्ट कळत होतं. बोलले तर बाबांची सिरदारी जाईल. कॉलनीत ते सिरदार म्हणूनच ओळखले जात, त्यांचं नाव निम्म्या लोकांना ठाऊकही नव्हतं. आणि न बोलले तर काय, याचा विचार आला की मी काहीतरी काम काढायचे. भांडी घासायचे, सांगितली नसताना. आई म्हणाली, "काय व, अंगात आलं का तुह्या?" पाळी सुटल्याचा भोंगा होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे. भोंगा झाला, बाबांची सायकल वळणावर दिसली की वाटायचं, झालं, आजचं निभावलं. तिसऱ्या दिवशीही असंच.

बुधवारी बाबा घरी आले आणि मागच्या नळावर अंग धुवायला बसले. मी त्यांच्या मागे तीन पावलांवर उभी राहिले. नळ बंद होता, ते साबण लावत होते. मी म्हटलं, "बाबा." मग जरा मोठ्यानं, "बाबा." तिसऱ्यांदा माझा आवाज फुटला आणि मी रडायला लागले, तरी ते पाठीला साबण लावतच होते. शेवटी तांब्या घ्यायला वळले तेव्हा मी दिसले. डोळ्यांत कोळशाची रेघ, खांद्यावर फेस.

"हाका मारून राह्यली होती?"

मी मान हलवली.

"किती?"

मी तीन बोटं दाखवली. त्यांनी तांब्याभर पाणी डोक्यावर ओतलं. मग, जणू मी काही विचारलंच होतं, असे म्हणाले, "एक हात छताले लावतो मी. दुसऱ्यानं ठोकतो. थर सुटला असन तं हाताले थरथर लागते. हातानं समजते मले."

हे खोटं नव्हतं. सगळेच सिरदार हात लावून बघतात, पण हात आणि कान दोन्ही मिळून ठरवतात. मी त्यांच्यासमोर जाऊन, ओठ नीट हलवून म्हटलं, "अन् हात चुकला तं?"

"चूप."

त्यांनी मला कधी चूप म्हटलं नव्हतं. मी घाबरले, तरी तोंडातून निघालंच, "काकूचा माठ तुमी हातातच धरला होता, बाबा."

त्यांनी अंग पुसलं, शर्ट घातला आणि विझलेल्या ड्रमपाशी जाऊन बसले. आई जेवायला बोलावून थकली. मला वाटलं, मी माझ्या बापाला तोडून टाकलं.

गुरुवारी ते नेहमीप्रमाणे पाळीवर गेले. दहाच्या सुमारास, भोंगा व्हायला कितीतरी अवकाश असताना, सायकल दारात. शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या, मी घरीच होते. आईनं काळीज धरून विचारलं काय झालं, आणि बाबांनी ओट्यावर बसून सांगितलं. आत त्यांनी छत ठोकलं, हात लावला, हाताला काही वाईट लागलं नाही. "चला" म्हणायला वळले. समोर लच्चूभाऊ उभे होते. मग त्यांच्या तोंडातून "चला" काही निघेना. त्यांनी काठी लच्चूभाऊंच्या हातात दिली. "तू ठोकून पाह्य." लच्चूभाऊंना वाटलं मस्करी. त्यांनी ठोकलं, पुन्हा ठोकलं. आणि म्हणाले, "सिरदार, बद्द बोलते हे." माणसं मागे घेतली, सब्बल लावली, तर खाटेएवढा दगड खाली आला. कुणाला खरचटलंही नाही. बाबा तिथून सरळ वर आले, मॅनेजरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, मला ऐकू येत नाही, मला खाली पाठवू नका.

आई सगळं ऐकून घेत होती. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अवो, मले वाटे तुमी माह्यावर नाराज हा. बोलतच नाई म्हणे माह्यासंग." आणि बाबा, ज्यांना यातलं निम्मंही ऐकू गेलं नसावं, तिच्या ओठांकडे बघत हसले.

त्यांना वर लॅम्पच्या खोलीत काम मिळालं. पाळीला जाणाऱ्यांना टोपीचे दिवे द्यायचे, आले की मोजून परत घ्यायचे. पुढच्या रविवारी त्यांनी ड्रम लावला नाही. खाटेवर पडून राहिले. राजूनं निळी कॅसेट आणून त्यांच्या छातीवर ठेवली, तर त्यांनी ती उचलून बाजूला ठेवली. मग नऊच्या सुमारास लच्चूभाऊ आले, सुमी आणि तिची आई मागून, आणखी दोघं पाळीतले बायकांसह, आणि लच्चूभाऊंच्या हातात एक विस्कटल्या पिसांची काळी कोंबडी. त्यांनी कुणाला विचारलं नाही. कोळसा पेटवला, धूर मरेपर्यंत उकिडवे बसून राहिले आणि मग बाबांच्या खाटेपाशी जाऊन चिमटा पुढे केला. बाबा उठले. वानखेडेकाकूंनीही भिंतीवरून मासोळीचं ताट दिलं. राजूनं टेप लावला, आवाजाची चकती शेवटपर्यंत फिरवली. बाबांनी मान वाकडी करून ऐकलं. कुठेतरी तळाशी काहीतरी लागलं असावं, कारण चिमटा हलला, एकदा, मग पुन्हा. मी आणि राजू एकमेकांकडे बघायला तयार नव्हतो, रडू आलं असतं.

पहिली बाजू संपता संपता बाबा बोलायला लागले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, लागतो त्यापेक्षा मोठ्यानं. "लच्चू, तू म्हणते मी तुमाले वाचोलं. मी नाई. ह्या माह्या पोरीनं. ज्या दिवशी तिले समजलं त्याच दिवशी माह्यासमोर उभी राहून बोलली. तेवढी हिंमत मले झाली नाई." सगळे माझ्याकडे बघू लागले. सुमीच्या आईनं जवळ येऊन माझ्या गालावरून हात फिरवला आणि आपल्या कपाळाशी बोटं मोडली.

तो हात मला सहन होईना. मी बाबांजवळ गेले. हळू म्हटलं, "बाबा, त्याच दिवशी नाई." त्यांनी भुवया उंचावल्या. आणखी जरा मोठ्यानं म्हटलं. "काय?" ते म्हणाले. माझ्या लक्षात आलं की या माणसाच्या कानात आता कधीच काही हळू सांगता येणार नाही. जे सांगायचं ते सगळ्यांसमोरच सांगावं लागेल. मी ओरडले, "मले रविवारीच समजलं होतं! टेप बंद पडला तवाच! तीन दिवस तुमाले खाली जाऊ देलं मी! लच्चूभाऊलेबी जाऊ देलं!"

नेमकी तेव्हाच कॅसेटची बाजू संपली आणि बटण टक्कन वर आलं. अंगणात निखाऱ्यांचा चरचर तेवढा आवाज. सुमीच्या आईनं कपाळाशी नेलेला हात खाली घेतला. मला वाटलं, आता हे सगळे उठून जातील आणि जावंच त्यांनी.

बाबांनी चिमटा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही, पाळीतल्या त्या तिघांकडे बघितलं, एकेकाकडे, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, भिंतीपलीकडे जाईल असं, म्हणाले, "पोरगी तीन दिस चूप राह्यली. मी वरीसभर चूप होतो."

हे त्यांना कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, कान आत्ता आत्ता गेला असेल. वर्षभर ते सगळे त्या हाताच्या भरवशावर आत जात होते. एकानं मान खाली घातली. दुसऱ्यानं बायकोकडे बघितलं. बाबा हात बाजूला सोडून उभे होते, शाळेत शिक्षा झालेलं पोर उभं राहतं तसे. लच्चूभाऊ निखाऱ्याकडे बघत बसले होते. त्यांचा चेहरा रागाचा होता, हे मी आज मान्य करते. तो राग खरा होता आणि त्यांच्या हक्काचा होता. मग ते उठले, बाबांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे राहिले. कमी बोलणारा, हळू बोलणारा माणूस तो. त्यांनी छातीत श्वास भरला आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले,

"सिरदार! मासोळी जळून राह्यली!"

बाबांना पहिल्या फटक्यात ऐकू गेलं.